नदी-तलावातील मासेमारीसाठी हवेची नाव : निवड आणि निगा

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे जसे जंगलांचे, तसेच ते पाण्याचेही आहेत. चिमूर तालुक्यातून उमा नदी वाहते. पावसाळ्यात ती दुथडी भरून जाते, आणि माघ-फाल्गुनानंतर तिचे पात्र तुटून जागोजाग डोह तेवढे शिल्लक राहतात. पूर्वेकडे ब्रह्मपुरी व सावली तालुक्यांच्या कडेने वैनगंगेचे विस्तीर्ण वाळूचे पात्र आहे. नागभीड तालुक्यात घोडाझरीचा आणि सावली तालुक्यात आसोलामेंढ्याचा मोठा जलाशय आहे. यांखेरीज गावोगावचे मामा तलाव आहेतच. गोंड राजवटीत, मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कौशल्याने व कष्टाने, धानाच्या शेतीसाठी हे तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले आणि लोकांनी त्याचेच सुटसुटीत नाव ‘मामा’ असे केले.

या सर्व पाण्यावर ढीवर, भोई, केवट इत्यादी समाजांतील हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यांच्या धंद्यातील एक अडचण मात्र बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती अशी की, पाणी एका ठिकाणी नसते. आज एका डोहात जाळे टाकावयाचे, चार दिवसांनी तीन मैलांवरील दुसऱ्या डोहात, आणि संस्थेने ठरविलेल्या दिवशी भलत्याच गावच्या तलावात. एका ओंडक्यातून कोरलेला डोंगा या कामास उपयोगी पडत नाही. डोंगा मजबूत खरा, पण तो आपल्या घाटाचा होऊन राहतो. चार माणसांवाचून तो उचलत नाही, आणि तो कोरण्याजोगे जाड खोड आता सहजासहजी मिळतही नाही. ज्याला डोहामागून डोह फिरावयाचे आहे त्याला पाठीवर किंवा सायकलवर नेता येईल असे साधन पाहिजे. घडी करून नेता येणारी हवेची नाव हे असे साधन होय. बाजारात तिचे शेकडो प्रकार मिळतात, आणि त्यांपैकी बरेचसे नदीवर नेण्याच्या योग्यतेचे नसतात. म्हणून तिची निवड कशी करावी याचा विचार येथे केला आहे.

ट्यूबवरील मासेमारी

हवेवर तरंगून पाणी ओलांडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोरड्या भोपळ्यांची सांगड महाराष्ट्रात जुन्या काळापासून ठाऊक होती. पंजाबकडील नद्यांवर म्हशीचे फुगविलेले कातडे याच कामी येत असे. कृष्णाकाठी तर महापुराच्या वेळी गुळाच्या काहिलीत बसून माणसे पैलतीरी गेलेली आहेत. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर पक्के करण्याची रीत सापडली, आणि त्यानंतर पाच-सात वर्षांतच इंग्लंडच्या आरमारातील पीटर हॅल्केट या अधिकाऱ्याने अंगावर झगा म्हणून घालता येईल आणि काठावर फुगवून नाव म्हणून वापरता येईल अशी वस्तू तयार केली. सरकारने ती नाविकांसाठी स्वीकारली नाही, परंतु उत्तर ध्रुवाकडील प्रवाशांना ती उपयोगी पडली.

आपल्या भागात या कल्पनेने निराळेच रूप घेतले. मालमोटारीच्या चाकातील जुनी ट्यूब घ्यावयाची, तीवर दोरीची किंवा बांबूच्या कामट्यांची बैठक बांधावयाची, आणि तीवर बसून दोन लहान फळ्यांनी पाणी मागे लोटीत जाळे टाकावयाचे. हे साधन अल्प खर्चाचे, हलके आणि कोठेही नेण्याजोगे आहे. गरजेपोटी काढलेली ही युक्ती आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि तिच्यातील धोका नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो समजला म्हणजे चांगली नाव कशी असावी हेही आपोआप कळते.

पुष्कळांचा समज असा की ट्यूब भार कमी पेलते म्हणून माणूस बुडतो. हिशेब करून पाहिला तर हे खरे ठरत नाही. बाहेरून एक मीटर व्यासाची आणि पाव मीटर जाडीची ट्यूब पूर्ण पाण्यात दाबली तर ती सुमारे ११५ लिटर पाणी बाजूस सारते. म्हणजे तितक्या किलो वजनास ती आधार देते. साठ किलोचा माणूस व पाच-दहा किलोचे ओले जाळे यांस हे पुरेसे आहे. खरा दोष असा की, ही सर्व हवा एकाच कप्प्यात असते. बाभळीचा काटा, बुडालेल्या झाडाचा खुंट किंवा जुने ठिगळ सुटणे, यांपैकी काहीही एक घडले की सारीच हवा जाते. मागे काहीच उरत नाही. त्यातच बसणाऱ्याचे पाय पाण्यात लोंबत असतात आणि त्याच पाण्यात बारीक नायलॉनचे जाळे पसरलेले असते. पट्टीचा पोहणारासुद्धा पायांस जाळे गुंडाळले गेल्यावर हतबल होतो. पोहता येते म्हणून भय नाही, हे ट्यूबवरील माणसाचे नेहमीचे उत्तर असते. आणि ते नेमके याच ठिकाणी लंगडे पडते.

सारांश, नावेस अनेक कप्पे हवेत, आणि पाय पाण्याबाहेर ठेवणारा तळ हवा. बाकीच्या सर्व गोष्टी या दोहोंनंतर येतात.

कप्पे

मासेमारीच्या नावेस हवेचे निदान तीन स्वतंत्र कप्पे असावेत. दुकानातील पत्रकात ‘तीन कप्पे’ असे छापलेले असते, पण त्यात पुष्कळदा बसण्याची गादी हा एक आणि तळातील गादी हा दुसरा धरलेला असतो. तसे धरू नये. नावेच्या कडेने फिरणारी जी मुख्य नळी असते, तीच आतून पडद्यांनी विभागलेली असावी, आणि प्रत्येक भागास स्वतःची झडप असावी. नळीवर तीन झडपा मोजता आल्या तरच तीन कप्पे समजावेत. काही हलक्या नावांत एक नळी दुसऱ्या नळीच्या आत किंवा वर ठेवून दोन कप्पे केलेले असतात. अशी नाव शांत डोहात चालेल, पण नदीस ती घेऊ नये.

कप्प्यांची परीक्षा विकत घेण्यापूर्वीच करावी. नाव पूर्ण फुगवून एक झडप उघडावी. त्या कप्प्यातील हवा गेल्यावर शेजारचा कप्पा ताठ राहिला पाहिजे. तोही हळूहळू मऊ पडू लागला तर मधला पडदा गळका आहे असे समजावे आणि ती नाव परत करावी. हीच परीक्षा पुढे गावच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, दोन माणसे बसवून एकदा करावी. एक कप्पा रिकामा असताना नाव कशी कलते, कोणी कोणत्या बाजूस सरकून बसावे, हे अंगवळणी पडले म्हणजे प्रसंगी गोंधळ उडत नाही.

किती मोठी घ्यावी

याचेही गणित सोपे आहे. अडीच मीटर लांबीच्या नावेची नळी ३६ सेंटिमीटर जाडीची असेल आणि दोन्ही बाजू व पुढील वळण मिळून तिची लांबी साडेपाच मीटर भरत असेल, तर नळीत सुमारे ५६० लिटर हवा मावते. म्हणजे ती पूर्ण बुडेपर्यंत ५६० किलोंचा आधार देईल. परंतु एवढा भार तिच्यावर कोणी घालावयाचा नसतो. तीनपैकी एक कप्पा फुटला तर आधार ३७० किलोंच्या आसपास येतो, आणि तेवढ्यात नावेचे स्वतःचे वजन, माणसे, जाळे व मासळी सामावून नळीचा बराच भाग पाण्यावर राहिला पाहिजे. म्हणून एकूण आधाराचा तिसरा हिस्सा, म्हणजे येथे १८० किलोंच्या सुमारास, हीच कामाची मर्यादा धरणे इष्ट होय. दोन माणसांचे १२०, ओल्या जाळ्याचे १५, मासळीचे २५, वल्ही, नांगर व दोर मिळून १०, अशी १७० किलोंची बेरीज होते. दोन माणसांच्या मासेमारीस अडीच मीटरची नाव पुरते ती अशी. एकट्याने डोहात जाणाऱ्यास दोन मीटरची चालेल. त्याहून लहान नाव नदीवर नेऊ नये.

चांगल्या कारखान्याच्या नावेवर एक पट्टी चिकटविलेली असते. तीवर जास्तीत जास्त भार, माणसांची संख्या व हवेचा दाब लिहिलेला असतो. अशा नावांसाठी ‘आय.एस.ओ. ६१८५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख पट्टीवर असल्यास उत्तम. मात्र पट्टीवरील माणसांची संख्या ही जाळे व मासळी नसलेल्या सहलीच्या माणसांची समजावी. पट्टीवर तीन लिहिले असतील तर मासेमारीस दोन, हा व्यवहारातील नियम ठीक आहे.

कापड आणि रबर

नळी कशाची आहे हे रंगावरून कळत नाही. सर्वांत स्वस्त नावा नुसत्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या असतात, मुलांच्या पोहण्याच्या खेळण्यांसारख्या. त्यांस काटा लागला तर भोक पडून थांबत नाही, तर दाबाने ते फाटत जाते. दुसऱ्या प्रकारच्या नावांत पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडास दोन्ही अंगांनी पी.व्ही.सी.चा थर दिलेला असतो. यात काटा शिरला तरी धाग्यांमुळे भोक लहानच राहते आणि हवा सावकाश जाते. काठ गाठण्यास वेळ मिळतो. ओळखण्याची खूण अशी : नावेची जोडपट्टी किंवा दुरुस्तीसाठी दिलेला तुकडा घेऊन त्याची कापलेली कड पाहावी. कडेत धागे दिसले पाहिजेत. दोन्ही हातांनी तिरपे ओढून पाहिल्यास तो लांबू नये. जाडी पाऊण ते एक मिलिमीटर असावी.

तिसरा प्रकार हायपालॉन नावाच्या कृत्रिम रबराच्या कापडाचा. ऊन, तेल आणि घासणे यांस तो पी.व्ही.सी.पेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. वैशाखात ब्रह्मपुरी व चंद्रपूर येथील पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा हा गुण लहान नव्हे. परंतु त्याची किंमत फार आहे. वैयक्तिक मच्छीमाराने जाड पी.व्ही.सी.ची नाव घेऊन ती सावलीत ठेवणे, हेच अधिक शहाणपणाचे ठरेल. सहकारी संस्थेस एकच नाव बारा महिने अनेक हातांत फिरवावयाची असेल तर हायपालॉनचा विचार करावा.

तळ

तळाच्या बाबतीत पत्रकावर विसंबू नये. आपले जाळे व आपली मासळी डोळ्यांसमोर ठेवावी. पाग फेकणाऱ्यास उभे राहावे लागते. मऊ तळावर उभे राहून पाग फेकता येत नाही आणि तोल जातो. त्यास फळ्यांचा किंवा प्लायवूडचा तळ घ्यावा लागेल. उभे ताणलेले जाळे टाकून बसल्या बसल्या ओढणाऱ्यास आडव्या पट्ट्यांचा, गुंडाळता येणारा तळ पुरतो व तो हलकाही असतो. जास्त दाबाने ताठ होणारा हवेचा तळ वजनास हलका व उभे राहण्यास ठीक असतो, पण गळ व शिशाच्या गोळ्या यांपासून त्यास जपावे लागते.

मासळीचे काटे हे तर या भागातील खास संकट आहे. टेंगरा, शिंगी, शिंगाडा या जातींच्या माशांच्या कल्ल्यांमागे, आणि काहींच्या पाठीवरही, कठीण काटे असतात. मासा धडपडू लागला की ते काटे ताठ उभे राहतात. असा मासा नळीवर आपटला तर पातळ पापुद्रा टिकत नाही. म्हणून पकडलेला मासा सरळ प्लॅस्टिकच्या टोपल्यात किंवा झाकणाच्या डब्यात टाकावा आणि जाळे ज्या बाजूने ओढावयाचे त्या बाजूच्या नळीवर जुन्या सतरंजीचा किंवा दुहेरी बारदानाचा तुकडा बांधावा. ज्या मामा तलावात शिंगाड्याच्या वेलीचे पीक घेतले जाते तेथे आणखी एक खबरदारी हवी. पिकून खाली पडलेल्या शिंगाड्यांची शिंगे काठच्या चिखलात वर तोंड करून असतात. तेथे नाव ओढत आणू नये, उचलून आणावी. बेशरमाच्या कापलेल्या ताटांनीही हेच नुकसान होते.

नांगर म्हणून लोखंडी आकडा नावेत ठेवू नये. बारदानात बांधलेला दगड त्याहून बरा. नाव ढकलण्याचा बांबू असेल तर त्याच्या टोकास चिंध्या घट्ट गुंडाळाव्यात.

हवा, दाब आणि ऊन

फुगविण्याच्या नावेतील हवेचा दाब फार कमी असतो. नळीस साधारणतः दर चौरस इंचास ३ पौंड, म्हणजे सायकलच्या चाकापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे पंक्चरच्या दुकानातील यंत्राने हवा भरण्याचा मोह टाळावा. त्या यंत्राने क्षणात शिवणी उसवतात. नावेबरोबर मिळणारा पायाचा किंवा हाताचा पंपच वापरावा आणि कमी दाब दाखविणारा दाबमापक स्वतंत्रपणे घ्यावा. हवा भरताना एक कप्पा पूर्ण ताठ करून मग दुसरा भरू नये, कारण त्याने आतील पडद्यावर एकाच बाजूने ताण येतो. सर्व कप्पे प्रथम अर्धे भरावेत आणि मग फेरीने पूर्ण करावेत.

ऊन्हाचा परिणाम किती होतो याची कल्पना अनेकांस नसते. समजा, सकाळी २५ अंश उष्णतेत ३ पौंड दाबाने हवा भरली. दाबमापक वातावरणाच्या वरचा तेवढा दाब दाखवितो. वातावरणाचा स्वतःचा साडेचौदा पौंड दाब धरला तर आतील एकूण दाब साडेसतरा पौंड झाला. दुपारी तीच नाव वाळूवर उन्हात पडून राहिली आणि आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर हा एकूण दाब जवळजवळ १९ पौंड होतो. त्यातून वातावरणाचे साडेचौदा वजा केले की दाबमापकावर साडेचार पौंड दिसतात. म्हणजे एक फुंकरही न मारता नळीवरील ताण दीडपट झाला. उन्हाळ्यात काठावर ठेवलेल्या नावा शिवणीत फुटतात त्या याच कारणाने. नाव पाण्याबाहेर काढली की लगेच प्रत्येक झडप उघडून थोडी हवा सोडावी, किंवा नाव झाडाच्या सावलीत ठेवून तीवर ओले बारदान घालावे.

याच्या उलटही घडते. दुपारी काठावर ताठ भरलेली नाव डोहाच्या थंड पाण्यात सोडली की दहा मिनिटांत मऊ पडते. ती गळत नाही; आतील हवा थंड झालेली असते. काठाजवळच थांबून पुन्हा थोडी हवा भरावी आणि मग आत जावे. मऊ नाव मध्येच वाकते, वल्ह्यास जुमानत नाही व लाटेचे पाणी आत घेते.

जंगलालगतच्या पाण्यावर हवा भरण्याची जागाही विचाराने ठरवावी लागते. चिमूर तालुक्यातील अनेक तलाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूस आहेत, आणि पहाटे व तिन्हीसांजेस त्या काठांवर वाघ पाण्यास येतो. अशा वेळी एकट्याने खाली वाकून पंधरा-वीस मिनिटे पंप मारीत बसणे म्हणजे संकटास बोलावणे होय. वाट बैलगाडीची असेल तर गावातच थोडी हवा भरून न्यावी. नसेल तर दोघांनी जावे आणि एकाने उभे राहून सभोवार लक्ष ठेवावे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे हेही येथेच सांगून ठेवणे बरे. घडीची नाव जवळ असली म्हणजे कोणत्याही पाण्यावर हक्क मिळतो असे नाही. गावतलावाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची संमती लागतेच.

पाणी पाहून नाव

उमा नदीचे डोह, लहान मामा तलाव आणि हिवाळ्यानंतरची वैनगंगा ही हवेच्या नावेची खरी क्षेत्रे होत. ती वीतभर पाण्यातही तरंगते, त्यामुळे वाळूच्या उथळ पट्ट्यांवर अडत नाही. परंतु जो गुण तोच दोष. पाण्यात खोल न बसणारी ही हलकी वस्तू वाऱ्याबरोबर पानासारखी वाहत जाते. घोडाझरी, आसोलामेंढा किंवा गोसीखुर्दच्या विस्तीर्ण पाण्यावर चैत्र-वैशाखातील दुपारच्या वावटळीत दोन वल्ह्यांनी ती आवरणे कठीण जाते. मोठ्या जलाशयासाठी घ्यावयाचीच असेल तर तळाखाली मध्यभागी फुगणारा कणा असलेली, साडेतीन मीटरच्या पुढची नाव घ्यावी, आणि दुपारच्या आत काठास यावे. लाकडी किंवा फायबरची नाव तेथे अधिक भरवशाची आहे. यंत्र बसविण्याचा विचार असल्यास मागील बाजूस लाकडी आडफळी असलेली नाव लागते; शिवाय यंत्रचलित नावेस अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होण्याचा प्रश्न येतो, त्याची आगाऊ विचारणा करावी. डोहातील मासेमारीस यंत्राची गरज नाही.

पुराच्या पाण्यावर ही नाव कदापि घालू नये. बचाव पथके पुरात रबरी नावा वापरतात हे पाहून काहींचा धीर वाढतो. पण त्या नावा मोठ्या, यंत्राच्या व अधिक कप्प्यांच्या असतात, आणि चालविणारी माणसे त्यासाठी तयार केलेली असतात. वैनगंगेवर तर गावात पाऊस नसतानाही पाणी चढते. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून पाणी सोडावे लागले तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील व गडचिरोली जिल्ह्यातील नदीकाठची गावे पाहता पाहता वेढली गेली. सबब वैनगंगेत जाळे टाकण्यापूर्वी धरणातून पाणी सोडण्याची सूचना आहे काय, हे तलाठ्याकडे किंवा पोलीस पाटलाकडे विचारून घेण्याची सवय लावावी. पावसाळ्याचे पहिले दोन महिने हे माशांच्या अंडी घालण्याचेही आहेत. त्या काळात नाव घरी राहिली तर पुढील वर्षाच्या मासळीचेही रक्षण होते.

तरंगजाकीट हा नावेचाच भाग समजावा, हौसेचा अलंकार समजू नये. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथील मजूर स्त्रिया मिरची तोडण्यास वैनगंगा ओलांडीत असता नाव उलटून बुडाल्या. तेव्हा पूर नव्हता, वादळ नव्हते. रोजचे पाणी व रोजची वाट होती. जाकीट आत फोमचे असलेले घ्यावे, फुगवावयाचे घेऊ नये. काट्याकुट्यांच्या कामात फुगवावयाचे जाकीट टिकत नाही. ते अंगाशी घट्ट बसते की नाही हे पाहावे, आणि नाव घेताना माणशी एक याप्रमाणे त्याची किंमत धरूनच हिशेब करावा. नावेसाठी पैसे आहेत आणि जाकिटासाठी नाहीत, असे होत असेल तर एक माप लहान नाव घ्यावी.

वजन, किंमत आणि संस्था

पट्ट्यांच्या तळाची अडीच मीटरची नाव सुमारे वीस ते पंचवीस किलो भरते. दोघे ती सहज वाहून नेतात, सायकलच्या मागेही बांधता येते. प्लायवूडच्या तळाची तीस ते चाळीस किलोंपर्यंत जाते. तीस गाडी पाहिजे. ज्यास दोन मैल पायवाटेने जावयाचे आहे त्याने हा फरक दुकानात स्वतः उचलून पाहावा.

एकट्या कुटुंबास चांगली नाव झेपत नसेल तर मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेने दोन-तीन नावा घेऊन सभासदांस पाळीने द्याव्यात. अशा नावेची एक वही ठेवावी. कोणी नेली, परत आणताना कोणता कप्पा मऊ होता, ठिगळ कोठे लावले, याची नोंद तीत असावी. सामायिक वस्तूचा धनी कोणीच नसतो, आणि हवेच्या नावेच्या बाबतीत त्याचा परिणाम खोल पाण्यात कळतो. नाव व जाळे यांसाठीच्या शासकीय साहाय्याच्या योजना वेळोवेळी बदलतात. घडीची नाव चालू योजनेत बसते काय, हे चंद्रपूर येथील सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून मगच खरेदी करावी. आधी खरेदी आणि मागून अर्ज, असे केल्यास साहाय्य हातचे जाण्याचा संभव असतो.

ठिगळ आणि साठवण

सायकलच्या दुकानातील सोल्युशन पी.व्ही.सी.वर धरत नाही. ते लावलेले ठिगळ काठावर चांगले दिसते आणि पाण्यात सुटते. नावेच्या कापडाचा खास डिंक व त्याच कापडाचे तुकडे खरेदीच्या वेळीच मागून घ्यावेत. गळती शोधण्यास साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे खूण करावी. मग हवा पूर्ण सोडून जागा स्वच्छ व कोरडी करावी. ठिगळ गोल कापावे, कारण कोपरे प्रथम उचलतात, आणि ते भोकाच्या सर्व बाजूंनी दोन बोटे तरी पुढे जाईल एवढे असावे. डिंकाचा पातळ हात दोन्ही अंगांस द्यावा, वाळू द्यावा, दुसरा हात द्यावा आणि तो चिकट झाला म्हणजे ठिगळ दाबून वर वजन ठेवावे. एक दिवस व एक रात्र त्यात हवा भरू नये. पावसाळी दमट हवेत हे काम नीट होत नाही.

मासेमारीहून परतल्यावर नाव गोड्या पाण्याने धुऊन तळाखालील वाळू काढून टाकावी. नळी व तळ यांच्या सांध्यात अडकलेला वाळूचा खडा प्रत्येक फेरीस कापड घासतो. पूर्ण वाळविल्यावाचून घडी घालू नये. घडी दर वेळी त्याच रेषेवर पडणार नाही असे पाहावे, पी.व्ही.सी. तेथेच तडकते. पावसाळाभर ठेवावयाची झाल्यास घडी न घालता अर्धवट फुगवून छपराखाली दोन रुंद पट्ट्यांवर टांगणे उत्तम. दोरीवर टांगू नये, कारण दोरी कापडात रुतते. उंदीर मासळीच्या वासाने येतो आणि मीठ-मासळीचे डाग असलेली नळी कुरतडतो. म्हणून नाव धानाच्या कोठीजवळ ठेवू नये, आणि टांगलेल्या नावेखाली पंधरा दिवसांतून एकदा तरी कंदील घेऊन पाहावे.